प्लॉटच्या आधी तिथे काय होतं?

नागपुरात प्लॉट घेताना माणूस कागद फार बारकाईने बघतो. एनआयटीचं (नागपूर सुधार प्रन्यासाचं) प्लॉटला मान्यता देणारं आर.एल. लेटर आहे का, सातबाऱ्यावर कुणाचा बोजा आहे का, अकृषक आदेश झालाय का, विक्रीपत्रात खसरा नंबर, म्हणजे शेताचा सर्व्हे नंबर, बरोबर पडलाय का. वकील तीस वर्षांचा शोध काढतो, वास्तूवाले दिशा बघून जातात. एवढं सगळं आटोपल्यावर घराचं काम माझ्याकडे येतं, आणि मी पहिल्याच भेटीत जे विचारते ते तोवर कुणी विचारलेलं नसतं: हा लेआउट पडायच्या आधी इथे काय होतं?

"शेत होतं," असं उत्तर येतं. शेत तर होतंच. पण त्या शेतात पाणी कुठून यायचं, कुठून निघून जायचं, विहीर कोणत्या कोपऱ्यात होती, गावची गाडीवाट कुठून जायची, हे सांगणारा कागद विक्रीपत्राच्या फाइलमध्ये नसतो. तो बाहेर शोधावा लागतो. गेली काही वर्षं हा शोध माझ्या कामाचा नेहमीचा भाग झाला आहे, आणि घराचा आराखडा काढण्याइतकंच माझं मन त्यात रमतं.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काय झालं ते इथल्या कुणाला सांगायला नको. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदी फुगली आणि झोपलेल्या माणसांच्या पलंगापर्यंत पाणी आलं. कारणांची चर्चा भरपूर झाली: पाऊस, सांडवा, पात्रातले अडथळे, पुलांची उंची. ती सगळी खरी असतील. पण त्यानंतरच्या आठवड्यात मी ओळखीच्या घरांमधून फिरत होते, तेव्हा नदीपासून बऱ्यापैकी लांब असलेल्या एका वसाहतीत भिंतींवरच्या ओल्या खुणा एका ओळीत चालल्या होत्या. तीन घरं कोरडी, दोन बुडालेली, पुन्हा चार कोरडी, आणि मागच्या गल्लीत बरोबर त्याच रोखाने पुन्हा दोन बुडालेली. रस्त्यावर उभं राहून काहीच कळत नव्हतं, सगळं सपाट दिसतं. घरी येऊन जुना सर्व्हेचा कागद उघडला, तर त्या बुडालेल्या घरांखालून एक बारीक काळी रेघ वळत वळत नदीकडे गेलेली होती.

ती रेघ विकत घेण्याआधी दिसली असती तर, हा विचार तेव्हापासून डोक्यातून गेलेला नाही.

*

नागपूरचा जुना नकाशा हवा असेल तर आधी साल ठरवायचं, आणि मग त्या साली नागपूर कुणाच्या राज्यात होतं ते बघायचं. मुंबई-पुण्याच्या माणसाला हे इतकं करावं लागत नाही. आपल्याकडे सत्ता फार वेळा बदलली. ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी भोसले वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केलं. १८६१ ला मध्य प्रांत झाला, १९०३ मध्ये त्याला वऱ्हाड जोडला गेला. स्वातंत्र्यानंतर आपण मध्य प्रदेशात, आणि नागपूर त्याची राजधानी. १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. दरवेळी राजधानी हलली की दप्तरंही हलली. त्यामुळे एकाच मौजाचे, म्हणजे महसुली गावाचे, कागद इथल्या भूमी अभिलेख कार्यालयात असतात, पुराभिलेख संचालनालयाच्या नागपूर शाखेत असतात, काही भोपाळच्या वाटेने गेलेले असतात, काही दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि काही थेट लंडनला ब्रिटिश लायब्ररीत. दिल्लीवाल्यांचं 'अभिलेख पटल' हे पोर्टल आता घरबसल्या चाळता येतं. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये सायबर हल्ला झाला आणि त्यांच्या ऑनलाइन सेवा दीर्घकाळ कोलमडल्या. एकाच कपाटावर विसंबायचं नाही, हे तेव्हा पुरतं पटलं. जे हाती लागेल त्याची चांगली प्रत आपल्याकडे ठेवायची, आणि कुठून, कोणत्या क्रमांकाखाली मिळालं ते त्याच प्रतीवर लिहून ठेवायचं.

सगळ्यात जुने नकाशे लष्कराचे. भोसल्यांच्या काळात नागपुरात इंग्रजांचा रेसिडेंट होता आणि त्यांचं लक्ष वाटांवर, घाटांवर, पाणवठ्यांवर होतं. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, डिसेंबरात जुम्मा दरवाजापाशी शहराला वेढा पडला. त्या युद्धातला मद्रास फौजेचा क्वार्टरमास्टर जनरल व्हॅलेंटाइन ब्लॅकर. त्याच्या १८२१ च्या ग्रंथात लढायांचे आराखडे आहेत, आणि पुढे १८२३ मध्ये तोच हिंदुस्थानचा सर्व्हेयर जनरल झाला. लढणारा आणि मोजणारा एकच माणूस, ही त्या काळाची रीतच होती.

आणखी एक माणूस या भागाशी कायमचा जोडलेला आहे. विल्यम लॅम्बटन. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्याने जो त्रिकोणमितीय सर्व्हे सुरू केला, त्यातून पुढे सबंध देशाचे नकाशे उभे राहिले. दक्षिणेतून त्रिकोण रचत रचत तो उत्तरेकडे सरकत होता. हैदराबादहून मुक्काम नागपूरला हलवायचा म्हणून निघाला आणि वाटेत हिंगणघाटला २० जानेवारी १८२३ रोजी वारला. त्याची कबर तिथेच आहे. नागपूरहून जेमतेम ८० किलोमीटर. नागपुरातल्या झिरो माइलच्या, या सर्व्हेशी नाव जोडलेल्या खांबापुढे उभं राहून फोटो काढणारे पुष्कळ असतात. त्यांनी एखाद्या रविवारी हिंगणघाटलाही जाऊन यावं असं मला मनापासून वाटतं.

पण लष्करी नकाशा घरबांधणीला पुरत नाही. तोफ कुठून ओढता येईल एवढीच त्याला पर्वा. तलाव, टेकडी, तट, मोठा नाला दाखवला की त्याचं काम झालं. आपल्याला हवा असतो खसऱ्यापर्यंत उतरणारा कागद, आणि तो महसुलाने काढला.

*

१८६० च्या दशकात नागपूर जिल्ह्याचा पहिला नियमित बंदोबस्त, म्हणजे जमीन मोजून तिचा सारा ठरवण्याचं काम, झाला, दुसरा १८९० च्या दशकात, तिसरा १९१० च्या दशकात. दुसऱ्या बंदोबस्ताचा अधिकारी रेजिनाल्ड क्रॅडॉक, जो पुढे मध्य प्रांताचा चीफ कमिशनर झाला. सर्व्हे खात्याची माणसं गावाच्या शिवेभोवतीचा सांगाडा मोजून द्यायची आणि आतली शेतं पटवारी (तलाठी) साखळीने मोजून भरायचा. साखळी ६६ फुटांची, ८० साखळ्यांचा मैल. नकाशा सोळा इंचाला एक मैल, म्हणजे इंचाला पाच साखळ्या. आजच्या भाषेत १:३९६०. आपला पंधरा मीटर लांब प्लॉट या कागदावर जवळजवळ चार मिलिमीटर भरतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या कागदावर तोच प्लॉट एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, म्हणजे रेघेच्या जाडीतच हरवणारा. म्हणून प्लॉटचा अभ्यास करायचा तर गावनकाशाशिवाय गत्यंतर नाही.

असा एक नकाशा पहिल्यांदा हाताळला तो दक्षिण नागपुरातल्या, बेसा रस्त्याच्या बाजूच्या एका मौजाचा. माझ्याकडे निवृत्त शिक्षक असलेले काका-काकू आले होते. आयुष्याची पुंजी घालून दीड हजार फुटांचा प्लॉट घेतलेला, खाली दोन खोल्या आणि वर मुलासाठी दोन, असं साधं घर हवं होतं. मी त्यांच्या खसरा नंबरावरून नक्कल मागायला गेले. टेबलावर उलगडला तो कापडावर चिकटवलेला कागद, कडा तपकिरी झालेल्या, घड्यांच्या जागी कापड उघडं पडलेलं. शेतांच्या रेघा काळ्या शाईच्या, आत देवनागरी आकडे, काही इतके बारीक की निबचं टोक किती धारदार असेल ते कळावं. आणि मधून, दोन समांतर रेघांमध्ये फिकट निळा हात फिरवलेला, नाला. तो कुठे रुंदावत होता, कुठे आवळत होता. एका वळणावर त्याच्या काठाशी लहानसं वर्तुळ, विहिरीचं. आणि नाल्याच्या पोटात त्याचा स्वतःचा खसरा नंबर.

त्या नंबराने मला थांबवलं. नाला ही शेतांमधली मोकळी जागा म्हणून सोडलेली नव्हती. त्याची गणती झाली होती, त्याचं क्षेत्र मांडलं होतं, खसऱ्याच्या नोंदीत त्याच्यापुढे 'नाला' असं लिहिलं होतं. काका-काकूंचा प्लॉट ज्या खसऱ्यातून पाडला होता तो या नंबराला लागून होता. आणि लेआउटच्या नकाशात त्या नंबराचा मागमूस नव्हता.

तिथे बसल्या बसल्या एक गोष्ट लख्ख झाली, आणि आजही प्रत्येक नकाशा मी तिच्यातूनच वाचते. ज्याची मिळकत ज्यातून होती, तेच त्याने कागदावर काढलं. फौजेला पाणी प्यायला हवं होतं म्हणून फौजेने विहिरी आणि तलाव काढले. बंदोबस्ताला ओलिताची शेतं आणि कोरडवाहू शेतं वेगळी आकारायची होती, म्हणून त्याने नाला, पाट, बांध, तलावाची पाळ सगळं इमानाने मोजलं. लेआउट पाडणाऱ्याला चौरस फूट विकायचे होते. पाण्यातून त्याला एक पैसा मिळणार नव्हता, उलट पाणी जाणार तेवढे प्लॉट कमी होणार होते. म्हणून नाला त्याच्या कागदावरून पुसला गेला. नाल्याला किंमत होती असा शेवटचा नकाशा महसुलाचा. त्यानंतर जे नकाशे झाले त्यात नाला असलाच तर अडचण म्हणून आहे.

नागपुरात हे किती मोठ्या प्रमाणावर झालं त्याचा अंदाज इथल्या दोन आकड्यांवरून येतो. '५७२ अभिन्यास' आणि '१९०० अभिन्यास' (अभिन्यास म्हणजे लेआउट) म्हटलं की नागपूरकराला पुढचं सांगावं लागत नाही. शेतं विकत घेऊन, सुतळी धरून, चुन्याच्या रेघा मारून पाडलेले हजारो लेआउट, जे नंतर २००१ च्या गुंठेवारी कायद्याच्या आधाराने नियमित करायला घेतले गेले. घर हवं असणाऱ्या साध्या माणसांनी ते प्लॉट घेतले, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना दाखवलेला नकाशा सरळ रेघांचा होता आणि त्यांनी त्यावर विश्वास ठेवला. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे नदी-नाल्यांचं पात्र हे शासनाचं असतं. खसऱ्यात 'नाला' म्हणून नोंदलेली जमीन लेआउट पाडणाऱ्याच्या मालकीची नव्हतीच. विकायचा अधिकार नसलेली वस्तू विकली गेली, आणि ते सिद्ध करणारा पुरावा हा असा घड्यांवर फाटत चाललेला कापडी नकाशा आहे.

नकाशासोबत आणखी दोन कागद मागावेत, निदान आपल्या विदर्भात तरी. एक निस्तार पत्रक आणि दुसरा वाजिब-उल-अर्ज. मध्य प्रांतातून आलेली ही दप्तरं संहितेच्या कलम १६१ आणि १६५ मध्ये आजही जिवंत आहेत. गावाने कोणत्या जागेवर गुरं चारायची, कुणाच्या शेतातून पाणी न्यायचं, वाट कुठून, मासेमारी कुणाची, हे त्यात शब्दांत लिहिलेलं असतं. नकाशात एक रेघ दिसते आणि ती वाट आहे की पाट ते उमजत नाही. वाजिब-उल-अर्ज उघडला की उलगडा होतो. पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या माझ्या वास्तुविशारद मित्रांना हे कागद माहीतच नसतात, आणि खसरा, मौजा, पटवारी हलका या शब्दांशीही त्यांची झटापट चालते. आपल्याला ते जन्मापासून कानावर आहेत. त्याचा फायदा घ्यायला हवा.

अर्ज करताना मात्र 'जुना नकाशा मिळावा' असं लिहू नये. मौजाचं नाव, तहसील, बंदोबस्ताचं साल, खसरा नंबर आणि हवा तो कागद कोणता, गावनकाशा की बंदोबस्त मिसल (बंदोबस्ताची फाइल) की अधिकार अभिलेख, हे नेमकं लिहावं. खसरा नंबर बंदोबस्ताबंदोबस्ताला बदललेले असतात, म्हणून आजच्या नंबरावरून मागे मागे जाणारी साखळी आधी जुळवावी. नेमका कागद मागितला की शोधून देणारी माणसं या कार्यालयांमध्ये आहेत, असा माझा अनुभव आहे. एका वयस्क कर्मचाऱ्याने स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत माझ्यासाठी गठ्ठे उपसले होते.

*

गावनकाशा आणि आजचा दिवस यांच्यामध्ये बरीच वर्षं पडतात. ती भरायला सर्व्हे ऑफ इंडियाचे कागद. नागपूर शहराचा बहुतेक भाग ५५ ओ/४ या जुन्या क्रमांकाच्या कागदावर येतो. ७९ अंश रेखांशाच्या पश्चिमेला गेलात, म्हणजे हिंगण्याकडे, की ५५ के/१६ लागतो. नव्या मालिकेचे १:५०,००० चे कागद सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवरून नोंदणी करून फुकट उतरवता येतात. मी विद्यार्थ्यांना सांगते, कागद उघडल्यावर नकाशा बघू नका, आधी समास वाचा. छापलं कधी आणि मोजलं कधी यांत दहा-पंधरा वर्षांचं अंतर असू शकतं. छपाईचं साल धरून चाललात तर त्या वर्षी नसलेला तलाव तुम्ही असल्याचं मांडाल. मग खुणा. कोरडा नाला काळ्या रेघेने, वाहतं पाणी निळ्याने. बांधाजवळ '३आर', '६आर' असं काही दिसलं तर ती त्या बांधाची आजूबाजूच्या जमिनीपासूनची उंची. नागपूरच्या सपाट भागात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, फार काही बोलत नाहीत. तिथे हे छोटे आकडे खरी माहिती देतात, कारण जिथे सहा मीटरचा बांध आहे तिथे पाणी अडवण्याजोगी खोली होती.

अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात १:२,५०,००० चे नकाशे काढले होते, ते टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहात ऑनलाइन आहेत. दिसायला देखणे. प्लॉटच्या कामाला उपयोग नाही, तालुक्याचा आवाका समजायला बरे.

त्यापेक्षा कितीतरी मोलाची गोष्ट त्याच देशाने नकळत आपल्यासाठी करून ठेवली आहे. १९६० ते १९७२ या काळात कोरोना नावाचे त्यांचे हेरउपग्रह फिल्मवर जमिनीचे फोटो काढत होते. फिल्मचा डबा वरून सोडायचा, पॅराशूटने खाली येताना विमानाने हवेतच झेलायचा. १९९५ मध्ये हे फोटो खुले झाले. शेवटच्या काळातल्या कॅमेऱ्यांना जमिनीवरची दोनेक मीटरची वस्तू दिसत होती. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या अर्थएक्स्प्लोअरर या संकेतस्थळावर आपल्या भागाची पट्टी शोधायची. आधी कुणी स्कॅन करून घेतलेली असेल तर ती फुकट मिळते, नसेल तर फी भरून मागवायची. ज्याने पहिल्यांदा पैसे भरले त्याने पुढच्या सगळ्यांसाठी ती मोकळी केली, ही व्यवस्था मला फार आवडते.

साठच्या दशकातलं नागपूर त्या करड्या फोटोत बघताना अंगावर काटा येतो. रिंगरोड नाही. सोनेगावच्या पुढे नुसती शेतं. लेंडी तलाव, नाईक तलाव आजच्यापेक्षा ऐसपैस. आणि काळ्या मातीतून गेलेला प्रत्येक नाला आपल्या काठच्या झाडीसकट दिसतो. पट्टी निवडताना पावसाळा संपल्यानंतरच्या महिन्यांची निवडावी. ढग नसतात आणि ओलाव्यामुळे जुनी पात्रं गडद उमटतात. उन्हाळ्यातल्या फोटोत सगळंच एका रंगाचं होऊन जातं. या फोटोंना कडेला बरीच वक्रता असते, तेव्हा आपली जागा पट्टीच्या मध्याजवळ असेल अशी शोधली तर पुढचं काम हलकं होतं.

*

पुढचं काम म्हणजे एकावर एक कागद बसवणं. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि कुणालाही महिन्याभरात शिकता येतं. त्यात जुन्या नकाशावरच्या काही जागा आजच्या जागांशी जुळवायच्या. या जागा निवडण्यातच सगळं कसब आहे. रस्ते हलतात, नदीचं पात्र हलतं, म्हणून ते घ्यायचे नाहीत. सीताबर्डीच्या किल्ल्याचा कोपरा हलत नाही. रेल्वे नागपुरात १८६७ मध्ये आली, तिच्या जुन्या मार्गावरचे दगडी पूल भरवशाचे. तलावाच्या पाळीचं टोक, जुनं देऊळ, आणि शहराबाहेर तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तो दगड. असा दगड जागेवर सापडला तर त्याच्याइतका आनंद दुसरा नाही. बहुतेक वेळा तो कुंपणाच्या भिंतीत चिणलेला असतो किंवा शेंदूर लावून देव झालेला असतो, आणि देव झालेला असेल तर तो मूळ जागीच असण्याची शक्यता जास्त.

एका गोष्टीची खबरदारी घ्यावी लागते. जुने कागद एव्हरेस्टच्या १८३० च्या गोलाभावर, म्हणजे पृथ्वीचा आकार तेव्हा जसा धरला होता त्यावर, मोजलेले आहेत, मोबाइलमधला जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या नव्या मापावर चालतो. समासातले अक्षांश-रेखांश जसेच्या तसे भरले तर नागपुरात शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. तेवढ्यात नाला एका गल्लीतून उचलून दुसऱ्या गल्लीत जातो आणि भलत्याच घराखाली दिसतो. रूपांतर करून घ्यायचं, आणि तरीही शेवटी जमिनीवर जाऊन पडताळायचं.

काका-काकूंच्या प्लॉटवर तसंच केलं. गावनकाशा, ५५ ओ/४, कोरोनाची पट्टी आणि आजचं उपग्रहचित्र, चारही एकमेकांवर बसवल्यावर नाला त्यांच्या प्लॉटच्या ईशान्य कोपऱ्यातून तिरका जात होता. तो छापून घेऊन मी जागेवर गेले. जुन्या आबादीतले (गावठाणातले) एक बाबाजी चहाच्या टपरीवर बसले होते, त्यांना दाखवला. नकाशा त्यांनी हातात घेतलाही नाही. थेट उठून चालत गेले आणि काठीने जमिनीवर रेघ ओढली.

"पोरी, पावसाळ्यात इथून बैलं उतरत नव्हती. आता बुजवून बसले, तर थे पानी जाईन कुठं?"

त्यांची रेघ आणि माझी रेघ यांत दोन पावलांचा फरक होता.

मग दोन चाचणी खड्डे घेतले. नैऋत्येला सव्वा मीटरवर मुरूम लागला. ईशान्येला साडेतीन मीटरपर्यंत काळी चिकण माती, मध्ये विटांचे तुकडे, प्लास्टिक, आणि त्याखाली गोल घासलेली वाळू आणि शिंपल्या. नागपूरच्या काळ्या मातीचा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे. पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात फाटते. घराचा एक पाय मुरुमावर आणि एक पाय बुजवलेल्या नाल्यावर ठेवला असता तर तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात भिंतीला तिरका तडा गेलाच असता. पश्चिम नागपूर बेसॉल्टवर आणि पूर्व नागपूर त्याहून कितीतरी जुन्या नाइस खडकावर बसलं आहे, दोन्हींच्या सीमेवरचं हे शहर. दोन मैलांत पायाचं गणित बदलतं. एकाच प्लॉटमध्ये ते बदलेल हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

आम्ही घर नैऋत्येला सरकवलं, पाया अंडर-रीम्ड पाइल्सवर, म्हणजे तळाशी फुगवटा असलेल्या जमिनीतल्या खांबांवर, घेतला, ईशान्येचा तिरका पट्टा मोकळा सोडून त्यातून उघडी गटार काढली आणि जोतं रस्त्यापासून चांगलं उंच धरलं. खोल्या थोड्या लहान झाल्या. काकूंना तुळशीसाठी ठरवलेली जागा बदलावी लागली, त्याचं त्यांना वाईट वाटलं आणि मलाही. शेजारच्या प्लॉटवाल्यांना आम्ही तो एकावर एक बसवलेला नकाशा दिला. त्यांच्यापैकी तिघांनी मिळून नाल्याच्या जुन्या खसरा नंबराची नोंद आणि नक्कल जोडून पालिकेकडे पाण्याची वाट मोकळी करण्याचा अर्ज दिला आहे. तो अजून विचाराधीन आहे. आम्ही पाठपुरावा करतोय.

माझी मागणी खरं तर याहून मोठी आहे. दर लेआउटच्या मंजुरीच्या फाइलमध्ये बंदोबस्ताच्या गावनकाशावर बसवलेला अभिन्यास जोडणं सक्तीचं व्हावं. राज्याची सुदूर संवेदन संस्था नागपुरातच आहे, मातीचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था अमरावती रोडवर आहे, भूगर्भ सर्वेक्षणाचं मोठं कार्यालय सेमिनरी हिल्सला आहे. नकाशे वाचता येणारी एवढी माणसं ज्या शहरात राहतात, त्या शहरात नाल्यावर घर बांधलं जाऊ नये.

सध्या मी पिवळी नदीच्या बाजूच्या मौजांचे कागद जमवते आहे. सरकारी प्रती बऱ्याच ठिकाणी घड्यांवर फाटल्या आहेत, आणि घडी नेमकी जिथे पडते तिथली रेघ गेलेली असते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपली, पण मालगुजारांच्या वाड्यांतून गावाचे नकाशे, तलावांचे आराखडे, पाणी वाटपाचे कागद पेट्यांमध्ये राहून गेले. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या बाजूच्या ज्या घरांमध्ये असं काही असेल त्यांनी ते रद्दीत देऊ नये, आणि कुणाला नको असेल तर फक्त प्रत काढू द्यावी, मूळ कागद घरातच राहील. त्यावर सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका, घडी अडकली असेल तर ओढू नका. सावलीतल्या उजेडात सपाट पसरून, शेजारी पट्टी ठेवून, बरोबर वरून फोटो घ्या. एका फोटोत मावत नसेल तर थोडा थोडा भाग एकमेकांवर येईल असे तुकड्यांत घ्या. आणि मागची बाजूही घ्या. मौजाचं नाव, तहसील आणि साल पुष्कळदा तिथेच लिहिलेलं असतं.